भारतावरची हिरवी रेघ, हा ऑरोरा आहे का?

धुऱ्यावरचा_गडी:
राम राम मंडळी. मेहकरकडचा शेतकरी आहो. सध्या थ्री फेज लाईन रात्रीच राहते त्यामुळं हरभऱ्याले पाणी द्याले वावरातच मुक्काम, स्प्रिंकलरचे पाईप बदलले की धुऱ्यावर मोबाईल पाहत बसतो. काल स्पेस स्टेशनवरून काढलेला व्हिडिओ पाहिला, खाली आपला देश, पाकिस्तान बॉर्डरची पिवळी लायटिंग साफ दिसून राहिली होती अन मागं पृथ्वीच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ. कमेंटमध्ये सगळे ऑरोरा (आभाळातला रंगीत उजेड) ऑरोरा करून राहिले. तो तर ध्रुवाकडं असते ना? अन आपल्यावर असंन तर मले इथून काहून दिसत नाही?

मास्तर_यवतमाळ:
भाऊ तो ऑरोरा नाही, एअरग्लो आहे, म्हणजे हवेचा स्वतःचा मंद उजेड. दिवसा उन्हानं ऑक्सिजनचे रेणू फुटतात, रात्री ते अणू परत जुळतात अन त्यातून हा उजेड निघतो, साधारण १०० किमी उंचीवर. तुमच्या वावरावर आत्ताही आहे. खिडकीची काच समोरून पाहिली तर आरपार, पण कडेनं पाहा, हिरवी दिसते. तसंच हे, वरून आडवं पाहिलं की लांबवरचा थर एका रेघेत जमा होतो.
ऑरोरा वेगळा. सूर्याकडून आलेल्या कणांच्या वाऱ्यानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलते अन इलेक्ट्रॉन ध्रुवाकडच्या हवेवर आदळतात. त्याचं कडं असते, बायका घागरीखाली डोक्यावर चुंबळ ठेवतात ना तसं. स्टेशन ५१.६ अंश अक्षांशाच्या पलीकडं जातच नाही, पण ही चुंबळ कॅनडाकडं कललेली, म्हणून तिथं स्टेशनवरच्या अंतराळवीरांना मस्त दिसते, दक्षिणेत ऑस्ट्रेलियाच्या खाली.

संत्रा_बर्फी:
मास्तर पण मे २०२४ मध्ये लडाखात दिसला होता ना? माझा भाचा तर म्हणे आता नागपुरात पण दिसंन 😂

मास्तर_यवतमाळ:
भाच्याले सांगा स्वेटर काढून ठेव. १०-११ मे ला लय मोठं सौर वादळ होतं, लडाखातल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यात लाल उजेड आला, लाल म्हणजे २०० किमीच्या वरचा ऑक्सिजन. हिरवा त्याच्या खाली, १०० ते १५० च्या आसपास. स्टेशन ४०० किमीवर, म्हणजे नागपूर ते हैदराबाद सरळ रेघेत जेवढं तेवढं, त्यामुळं हिरवा पडदा त्यांच्या पायाखाली राहते अन वादळ मोठं असलं तर लाल उजेडातून ते सरळ पार होतात.

धुऱ्यावरचा_गडी:
घरच्या आरशाची कड पाहिली, खरंच हिरवी निघाली राजेहो! मायनं विचारलं आरशात काय शोधून राहिला. बरं ते स्टेशन तरी इथून दिसते का?

मास्तर_यवतमाळ:
हाव. दिवस बुडल्यावर किंवा पहाटे, न लुकलुकणारा मोठा तारा सरकताना दिसतो, फार तर ५-६ मिनिटं. लुकलुकलं तर विमान समजा.

धुऱ्यावरचा_गडी:
मग पहाटे पाहतो, तेवढ्यात पाईप बदलायची पाळी नाही आली म्हणजे झालं.