कृषी केंद्राच्या बोर्डावरचा मजकूर तपासून हवा

कपाशीवाला: कळंब तालुक्यात (जि. यवतमाळ) खत-बियाण्यांचं दुकान सुरू होतंय. डांबरी रस्त्याला ८ × ३ फुटांचा फ्लेक्स लागेल. दुकानाचं नाव सोडून मजकूर असा:

कृषि सेवा केंद्र
शेतकर्यांसाठी बियाने, खते व किटकनाशके 'योग्य' दरात !
प्रो.प्रा. …, मु पो … ता कळंब जि यवतमाळ

आत फवारणीची एक पाटी: "तोंडाने नोझल फुंकू नका हातमोजे घाला". 'कृषि' बरोबर की 'कृषी'? आणखी काय चुकलं?

वेलांटी: सुटं लिहिलं तर दीर्घ, 'कृषी सेवा केंद्र', जोडून लिहिलं तर ह्रस्व, 'कृषिसेवा केंद्र'. दोन्ही चालतात, पण बिलबुक, शिक्का आणि बोर्ड यांवर एकच ठेवा.

'बियाणे' हवं. आपल्याकडे बोलताना 'ण'चा 'न' होतो, तो पाटीवर उतरतो. 'कीटक' संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणून त्यातली 'की' दीर्घ.

'योग्य'चं अवतरण आधी काढा. शब्द अवतरणात गेला की गिऱ्हाइकाला वाटतं, दर नावालाच योग्य आहे. जोर द्यायचा तर अक्षर जाड करा. उद्गारचिन्हाची गरज नाही. ठेवलंच तर शब्दाला चिकटून, मध्ये जागा नको.

'प्रो.प्रा.' (प्रोप्रायटर) हे प्राध्यापकासारखं वाचलं जातं. सरळ 'मालक' लिहा. पत्ता असा: मु. पो. …, ता. कळंब, जि. यवतमाळ. टिंब शब्द तोडल्याची खूण आहे, ते गाळू नका. नावाच्या ओळीला मात्र पूर्णविराम नको.

आतली पाटी जास्त महत्त्वाची. विरामचिन्ह नसल्यानं 'नका हातमोजे' एका दमात वाचलं जातं, म्हणजे नेमकं उलट. दोन ओळी करा:

नोझल तोंडाने फुंकू नका.
हातमोजे घालूनच फवारा.

'हातमोजे न घालता फवारू नये' असं दुहेरी नकारी नको. घाईत एक 'न' सुटतो.

फ्लेक्सवाला: 'शेतकर्यांसाठी'त रफार चढलाय, 'शेतकऱ्यांसाठी' हवं. ही चूक बहुतेक टायपिंगची. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड (मोबाइलवर टाइप होतं ते) मराठी चिकटवलं की वेलांटी सरकते, जोडाक्षर फुटतं. मग ऑपरेटर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये सगळं पुन्हा टाइप करतो आणि नव्या चुका तिथे शिरतात. म्हणून व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवून मोकळे होऊ नका, प्रूफचा फोटो मागवा आणि ऱ्य, ऱ्ह, रफार, वेलांट्या बोट ठेवून तपासा. हिंदी वळणाचा फॉन्ट असेल तर ल आणि श हिंदी पद्धतीचे येतात. २००९ च्या शासन निर्णयानुसार मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श.

अक्षराची उंची: १० फुटांवरून वाचायला साधारण १ इंच. रस्ता ६० फुटांवर असेल तर नाव किमान ६ इंच. फ्रेमवर कापड दुमडतं, म्हणून चारही बाजूंनी ३ इंच कोरे सोडा. नाहीतर वरच्या ओळीच्या वेलांट्या पट्टीखाली जातात. दोन ओळींत अंतर कमी पडलं तर वरचा उकार खालच्या रफारात घुसतो.

इंग्रजी नावही टाकणार असाल तर मराठी आधी, आणि अक्षर इंग्रजीपेक्षा लहान नको. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे १० पेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही लागू आहे.

कपाशीवाला: 'मालक' आणि 'कृषी सेवा केंद्र' पक्कं केलं. प्रूफ आलं की इथेच टाकतो.