मदत हवी आहे: एसएटीचे कोणते गुण कुठे पाठवायचे?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक यंदा कॉलेजांचे अर्ज भरतेय. मार्चच्या एसएटीत (इथली कॉलेजप्रवेशाची परीक्षा) तिला इंग्रजीत ६९० आणि गणितात ७७० मिळाले, ऑगस्टमध्ये दोन्हीकडे ७४०. म्हणजे १४६० आणि १४८०, पण दोन्हींतलं चांगलं ते धरलं तर १५१०!

एमआयटी आणि जॉर्जिया टेक असं सुपरस्कोअरिंग करतात. पण एका दिवसाचं गणित आणि दुसऱ्या दिवसाचं इंग्रजी असं तोडून पाठवता येत नाही, त्या-त्या दिवसाचा पूर्ण निकाल जातो. त्यामुळे तिथे दोन्ही पाठवू. जॉर्जटाऊन सगळेच निकाल मागतं, आणि कॅलिफोर्नियाची यूसी कॉलेजं प्रवेशासाठी एसएटी बघतच नाहीत, तेव्हा तिथे डोक्याला ताप नाही. (आपल्या बारावीला आला तो आकडा गुमान स्वीकारायचा, तेच बरं होतं!)

अडलंय ते गुण पाठवणं ऐच्छिक असलेल्या कॉलेजांपाशी. तिच्या यादीतल्या एकाच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेज स्वतःच जाहीर करतं ती आकडेवारी) मधल्या ५० टक्के मुलांचे गुण १४९० ते १५५० दिसतात. मला वाटतं, १५१० होत असतील तर बिनधास्त पाठवावेत. लेकीचं म्हणणं, ती कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करतेय, तिथे गणितातले ७४० दिसले तर उलटंच व्हायचं. शिवाय गुण न पाठवणाऱ्यांचे आकडे त्यात नसतात, त्यामुळे तो पट्टा मुळात फुगलेला असणार.

गेल्या एक-दोन वर्षांत ज्यांची मुलं यातून गेली, त्यांनी अशा ठिकाणी काय केलं? नोव्हेंबरला पुन्हा बसवावं का? ती तयार नाहीये.