‘ब्रुसेल्सच्या बाबूंनी एका रात्रीत लादलं’ म्हणणाऱ्यांसाठी

उद्यमनगरी
परवा इथं एक पोस्ट गाजली : ‘कुणी न निवडलेल्या ब्रुसेल्सच्या बाबूंनी एका रात्रीत सीबॅम काढला आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांच्या मानगुटीवर बसवला.’ खाली नुसते अंगठे. सीबॅम म्हणजे युरोपीय संघात जाणाऱ्या लोखंड-पोलादासारख्या मालाच्या कार्बन उत्सर्जनावर तिकडं लावलेला आकार. त्यावर राग असू दे, पण शिवी तरी योग्य पत्त्यावर घाला.

एका रात्रीत? युरोपीय आयोगानं, म्हणजे तुमच्या त्या बाबूंनी, मसुदा मांडला १४ जुलै २०२१ ला. संसदेत मतदान एप्रिल २०२३ ला, कायदा मे २०२३ चा. १ ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ अखेरपर्यंत नुसते तिमाही अहवाल. पैसे लागतात २०२६ च्या मालापासून आणि ते ज्यातून भरायचे त्या प्रमाणपत्रांची विक्री सुरू होणार फेब्रुवारी २०२७ ला. मसुदा निघाला की आठ आठवडे कुणालाही अभिप्राय देता येतो, शिरोलीतल्यालाही.

आणि बाबूंना फक्त मांडता येतं. मंत्रिपरिषदेत २७ पैकी किमान १५ देश हवेत, त्यांची लोकसंख्या ६५ टक्के भरायला हवी, वर थेट निवडून आलेल्या संसदेची मंजुरी. हीच संसद नोव्हेंबर २०२३ मध्ये कीटकनाशक कपातीचा मसुदा पाडून मोकळी झाली. पुढच्या फेब्रुवारीत आयोगानं तो गुंडाळला.

रंकाळा_४१६
पाठ्यपुस्तक छान वाचलंय. खरा सौदा होतो तो त्रिपक्षीय बैठकीत, दार लावून. चार रकान्यांचा तक्ता असतो : आयोगाचं म्हणणं, संसदेचं, परिषदेचं आणि चौथा रकाना तडजोडीचा. तो चौथा रकाना भरताना आत कोण काय सोडतं, हे बाहेर कळत नाही. नंतर सभागृहात येतं ते ठरलेलंच.

आणि ‘फक्त मांडता येतं’ म्हणे! ग्लायफोसेट हे तणनाशक विसरलात? नोव्हेंबर २०२३ मध्ये देशांचं ना बाजूनं पुरेसं बहुमत झालं ना विरोधात. मग आयोगानंच दहा वर्षांची मुदतवाढ दिली. ते बाबू नव्हेत तर कोण?

उद्यमनगरी
ग्लायफोसेट ही अंमलबजावणीची बाब, सीबॅम मूळ कायदा. दोन्हींची वाट वेगळी. मुद्दाम मिसळू नका.

रंकाळा_४१६
फाउंड्रीवाल्याला आकडे भरायला लागतात ते नियम कुठल्या वाटेनं आले? त्याच. मोजायचं कसं, आकडे नसतील तर काय धरायचं, सगळं अंमलबजावणीच्या नियमांत आहे. मूळ कायदा वाचून कुणाचं पोट भरत नाही.

उद्यमनगरी
बरं, हे मान्य. जीव तिथंच अडकतो. पण ‘एका रात्रीत’ मान्य नाही.

कायद्याचं_बोला
दोघांचंही एक राहिलं. याला कर म्हटलं असतं तर सत्तावीसच्या सत्तावीस देशांची संमती लागली असती. म्हणून पर्यावरणाच्या कलमाखाली, १९२(१) खाली आणलं आणि बहुमतावर भागवलं. पोलंडनं विरोधात मत दिलं आणि हाच मुद्दा घेऊन ते युरोपीय न्यायालयात गेले. चलाखी आहे ती इथं.

गुऱ्हाळ_करवीर
ब्रुसेल्स कशाला, आपली जीएसटी परिषद बघा की! जून २०२२ मध्ये चंदीगडला बसले आणि १८ जुलैपासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के. २५ किलोच्या वरचं पॅकिंग सुटलं, एक किलोची ढेप अडकली. लहान पॅकिंग करून चार पैसे जास्त मिळवा म्हणून सांगायचं आणि त्यावरच कर लावायचा. कुठल्या गुऱ्हाळवाल्याला आठ आठवडे दिले होते?

कायद्याचं_बोला
राज्यांचे अर्थमंत्री बसतात तिथं. निवडून आलेले.

गुऱ्हाळ_करवीर
बसतात हो. केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश. सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय पान हलत नाही. महाराष्ट्र आणि सिक्कीम एकाच तागडीत. युरोपात निदान लोकसंख्या तरी मोजतात, आणि आयोगाला परिषदेत मतच नाही.

कायद्याचं_बोला
मे २०२२ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत.

गुऱ्हाळ_करवीर
कागदावर! एका तरी राज्यानं वेगळा दर लावून दाखवलाय का? नुसते निकाल तोंडावर फेकू नका, शाहू मार्केट यार्डात या.

रंकाळा_४१६
अण्णा, गुळाचा धागा वेगळा काढा.

गुऱ्हाळ_करवीर
तुमच्या भट्टीचं ते दुखणं आणि आमच्या काहिलीचं विषयांतर? वा रे न्याय.

शिरोली_कपोला
भांडून झालं असेल तर कामाचं बोलू. आधी माल कुठल्या सीमाशुल्क कोडखाली जातो आणि तो कोड सीबॅमच्या यादीत आहे का ते बघा. ७३०७ चे पाइप फिटिंग आणि ७३२६ यादीत आहेत. ७३२५ चं साधं कास्टिंग नाही, ८४१३ मधले पंपाचे भाग नाहीत, ८७०८ चे गाडीचे भागही नाहीत. निम्मी बोंब यादीबाहेरचा माल पाठवणाऱ्यांचीच आहे.

यादीत असाल तर कपोल्यातल्या, म्हणजे कोकवर चालणाऱ्या भट्टीतल्या, कोकचं उत्सर्जन थेट मोजलं जातं. इंडक्शन भट्टीची वीज लोखंड-पोलादाच्या हिशेबात पैशासाठी धरत नाहीत. भंगार शून्य. पिग आयर्न मात्र स्वतःचं उत्सर्जन घेऊन येतं आणि गाडं तिथंच अडतं : पुरवठादार आकडे देत नाही, मग वाढावा धरलेला ठोक आकडा लागतो. खरे आकडे द्यायचे तर मान्यताप्राप्त पडताळणी हवी. २०२६ ला भार अडीच टक्के, २०३० ला साडेअठ्ठेचाळीस, २०३४ ला पूर्ण.

रंकाळा_४१६
आणि ती ५० टनांची सूट?

शिरोली_कपोला
ती तिकडच्या आयातदाराला, वर्षाला, यादीतल्या सगळ्या मालाची बेरीज करून. तुमचे २० टन आणि त्यानं चीनहून आणलेले ४०, झाले ६०. सुटला नाहीत.

उद्यमनगरी
शिवाय यादी पुढच्या तयार मालापर्यंत वाढवायचा मसुदा आयोगानं डिसेंबर २०२५ मध्ये मांडलाय. यादीबाहेर आहोत म्हणून निवांत बसलेल्यांनी तो आधी वाचावा.

रंकाळा_४१६
वाचतो. चौथा रकाना भरायच्या आत अभिप्राय टाकतो, साहेबांनी वाचला तर बरंच. ८४१३ वाले कोण कोण आहेत? एकच पत्र काढू, कोडसकट.