लिनक्सवर लॅपटॉपची झोप: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या जुलैतली गोष्ट. अंबरनाथहून सीएसएमटीची लोकल, बॅग वर रॅकवर. घाटकोपर गेल्यावर शेजारचे काका म्हणाले, "अहो, तुमची बॅग केवढी तापलीय बघा." हात लावला तर लॅपटॉप तव्यासारखा. झाकण तर मी घरीच लावलं होतं. १०० टक्क्यांवर निघालेली बॅटरी मस्जिदला ६४ वर.

घरी येऊन शोधलं. सिस फोल्डरात पॉवर, त्यात मेम_स्लीप नावाची फाईल असते. माझ्याकडे तीत दोन शब्द होते, एसटूआयडल आणि डीप, आणि चौकटी कंस एसटूआयडलभोवती. म्हणजे यंत्र पुरतं झोपतच नव्हतं. पडदा बंद, प्रोसेसर रिकामा बसलेला, आणि एखादं उपकरण जागं राहिलं की त्याच्यापायी वीज जळत राहते. डीपमध्ये रॅमला तेवढी वीज मिळते, बाकी जवळपास सगळं बंद. ग्रब म्हणजे यंत्र सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम. त्यातल्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप घातलं, अपडेट-ग्रब चालवलं, रीबूट केलं. आता तोच प्रवास एक-दोन टक्क्यांत होतो. उठायला जरा वेळ लागतो, लागू दे.

नव्याने लिनक्स घेतलेले माझे दोन मित्र याच त्रासाला कंटाळून ते सोडून गेले, म्हणून हा धागा. काय बिघडलं, कशाने सुटलं, सविस्तर लिहा. फाईलींची नावं इथे देवनागरीत लिहू, टर्मिनलवर मात्र रोमनमध्येच टाका.

गोरेगावची शिक्षिका:
माझ्या फाईलमध्ये डीप नव्हतंच. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत ती सोय फर्मवेअरच (यंत्रात आधीपासून बसवलेलं सॉफ्टवेअर) देत नाही, मग ग्रबमध्ये काहीही लिहा, उपयोग शून्य. मी सस्पेंड-देन-हायबरनेट घेतलं: आधी साधी झोप, मग अर्ध्या तासाने रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद. ती वेळ स्लीप.कॉन्फमध्ये हायबरनेटडिलेसेक या ओळीत देतात.

एवढ्याला माझे तीन रविवार गेले. रॅम ८ जीबी आणि ती उतरवायची डिस्कवरची जागा, म्हणजे स्वॅप फाईल, २ जीबी, मावणार कुठे? ती १० जीबी केली. हायबरनेट झालं, पण सुरू केल्यावर कोरं बूट! नववीच्या प्रश्नपत्रिकेचा सेव्ह न केलेला मसुदा गेला, मला खरंच रडू आलं. कारण साधं होतं. कुठून उठायचं ते कर्नलला कोणी सांगितलंच नव्हतं. स्वॅप फाईल असेल तर रिझ्यूममध्ये पार्टिशन आणि रिझ्यूम_ऑफसेटमध्ये ती फाईल डिस्कवर जिथे सुरू होते तो आकडा, दोन्ही द्यावे लागतात. फाईल पुन्हा बनवली तर आकडा नव्याने काढायचा. माझं हे ध्यानात यायलाच एक रविवार गेला.

भाचीच्या मशीनवर हायबरनेटचा पर्यायच दिसेना. तिथे सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू होतं, त्यामुळे कर्नल लॉकडाउन या कडक बंदोबस्तात जाऊन हायबरनेट अडवत होता. तिचा लॅपटॉप ऑफिसचा, म्हणून आम्ही त्याला हात लावला नाही.

माहीमकर:
माझा नीट झोपायचा, पण बॅगेत आपोआप उठायचा. वायरलेस माऊसचा रिसीव्हर यूएसबीत तसाच राहत होता. प्रॉक फोल्डरातल्या एसीपीआय फोल्डरात असलेल्या वेकअप फाईलमध्ये कोणकोण यंत्राला उठवू शकतं त्याची यादी असते. तिथे एक्सएचसी, म्हणजे यूएसबी, बंद केलं आणि प्रश्न मिटला. रीबूटनंतर ते परत चालू होतं, म्हणून बूटला चालणारी छोटी सर्व्हिस लिहून ठेवली आहे.

दादरहून:
पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या साधनाचं ऑटो-ट्यून सरसकट चालवू नका. माझा माऊस दोन सेकंद हलवला नाही की झोपायचा.

निवृत्त, मुलुंड:
१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईभर वीज गेली. माझी जुनी बॅटरी ९ टक्के दाखवत असतानाच यंत्र धाडकन बंद पडलं, सोसायटीच्या हिशेबाची फाईल अर्धवट. बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यूपॉवरच्या यूपॉवर.कॉन्फमध्ये पर्सेंटेजॲक्शन (किती टक्क्यांवर यंत्र आपणहून बंद करायचं किंवा झोपवायचं तो आकडा) मूळचं २ असतं, दमलेली बॅटरी तिथवर पोचतच नाही. मी ते १२ केलं, तरी फरक पडेना. लो, क्रिटिकल आणि ॲक्शन हे आकडे उतरत्या क्रमाने नसले तर यूपॉवर ते सोडून मूळचेच धरतं. क्रिटिकल ५ वरच राहिलं होतं. ते १५ केल्यावर जमलं. बॅटरीची ताकद तपासायची असेल तर एनर्जी_फुल (आता पूर्ण भरल्यावर मावते ती वीज) आणि एनर्जी_फुल_डिझाइन (नवी असताना मावायची ती) हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. माझे २१ आणि ४८ होते. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून नवीन आणली.

लालबाग, एकच खोली:
रात्री रेंडर लावतो. पडद्याचा उजेड आईच्या डोळ्यांवर यायचा, ती कूस बदलत राहायची. झाकण लावलं की काम थांबायचं. झाकण लावल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या लॉगइनडी.कॉन्फ फाईलमध्ये हँडललिडस्विचएक्स्टर्नलपॉवर=इग्नोर केलं, ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढलं, रीबूट केलं. आता चार्जर लावलेला असला की झाकण मिटूनही काम चालू राहतं. आई शांत झोपते. बॅटरीवर असताना मात्र झाकण लावलं की नेहमीसारखा सस्पेंड होतो, ते मुद्दाम तसंच ठेवलंय.

धागाकर्ता:
लालबाग, फार छान केलंस. फक्त झाकण लावून गादीवर ठेवू नकोस, पंख्याची भोकं खालून बुजतात. लाकडी पाटावर ठेव.