सांगलीत शार्कचं मत्स्यालय हवं का? मी सही दिली नाही

कृष्णाकाठची (विश्रामबाग)

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. सांगलीत मोठं सार्वजनिक मत्स्यालय व्हावं, त्यात काचेचा बोगदा असावा, डोक्यावरून शार्क आणि पाकट, म्हणजे पंखासारख्या कडांचे चपटे मासे, पोहत जावेत, अशी मागणी करायची आणि घराघरातून सह्या गोळा करायच्या. मी सही दिली नाही. कारण विचारलं बऱ्याच जणांनी, म्हणून नीट लिहिते.

उन्हाळ्यात भाचीला घेऊन एका फिरत्या प्रदर्शनातला माशांचा बोगदा बघायला गेले होते. पहिल्याच टाकीवर ठळक पाटी, 'शार्क'. आत रुपेरी-राखाडी मासे गोल गोल फिरत होते. मी वाकून बघितलं तर प्रत्येकाच्या गालावर कल्ल्याची एकच झडप. शार्कला झडप नसतेच, तिथे पाच ते सात उभ्या चिरा असतात. तो होता पंगस. मेकाँग नदीकडचा मासा, आपल्या बाजारात तुकडे करून मिळतो तोच. पोरं मात्र 'शार्क, शार्क' म्हणून नाचत होती.

पुढच्या टाकीतलं पाकट खरं होतं. ज्वारीच्या भाकरीएवढं, काळपट अंगावर पिवळे ठिपके, अमेझॉनकडचं गोड्या पाण्यातलं. तळाशी पडून होतं. तापलेल्या तव्यावर भाकरी राहिली की कडा वर वळतात ना, तशा त्याच्या अंगाच्या कडा वळलेल्या. डोळ्यांमागची दोन भोकं भराभर उघडत होती, मिटत होती. भाचीनं विचारलं, "मावशी, हे झोपलंय का?" मी हो म्हणाले. ते हो अजून मला टोचतंय.

तुम्ही म्हणाल, फिरतं प्रदर्शन वेगळं आणि सरकारी मत्स्यालय वेगळं. मग मुंबईचं तारापोरवाला बघा. 1951 साली सुरू झालेलं, मरीन ड्राइव्हवर, समुद्र अक्षरशः रस्त्यापलीकडे. लहानपणी तिथे पाकट बघितल्याचं मला आठवतं. 2015 मध्ये दुरुस्ती करून थाटात पुन्हा उघडलं आणि काही वर्षांत परत बंद पडलं. जे समुद्राच्या दारात टिकलं नाही, ते इथे कृष्णेकाठी आपण कशाच्या जोरावर टिकवणार? आणि बंद पडतं तेव्हा आतल्या जिवांचं काय होतं?

जतचा_मास्तर

ताई, तुमचं मन मला समजतं, पण मी सही दिली आहे आणि मागे घेणार नाही.

मी जत तालुक्यात शिकवतो. माझ्या वर्गातल्या एकतीस पोरांपैकी समुद्र बघितलेली चार. म्हैसाळ योजनेचं पाणी येईपर्यंत आमच्याकडे भरून वाहणारा ओढा बघायची मारामार. या पोरांना शार्क काढ म्हटलं की ती उघडं तोंड आणि रक्त काढतात, कारण त्यांनी शार्क फक्त मोबाइलवर बघितलाय. जिवंत जनावर समोरून शांतपणे जाताना बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. तो अनुभव मुंबईच्या पोराला मिळायचा आणि जतच्या पोराला नाही, हे मला पटत नाही.

समुद्रापासून लांब म्हणून जमणार नाही, हेही खरं नाही. अहमदाबाद काही समुद्रावर नाही. तिथल्या सायन्स सिटीत 2021 पासून शार्कचा बोगदा आहे. आणि आपलंच सागरेश्वर घ्या. उघड्या बोडक्या डोंगरावर झाडं लावून, बाहेरून हरणं आणून अभयारण्य उभं राहिलं. ते उभं करणाऱ्या धों. म. मोहिते अण्णांना तेव्हा 'इथं जंगल होत नसतं' असं सांगणारे थोडे नसतील.

आणखी एक. शार्क-पाकटांच्या जगभरातल्या जातींपैकी एक तृतीयांशाहून जास्त जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत, असं 2021 च्या पाहणीत निघालं. कारण मत्स्यालयं नाहीत, बेसुमार मासेमारी आहे. उलट इंडोनेशियात राजा अम्पातच्या समुद्रात झेब्रा शार्क जवळपास संपले होते, तिथे ऑस्ट्रेलियातल्या मत्स्यालयांत घातलेली अंडी नेऊन, उबवून, जानेवारी 2023 पासून पिल्लं समुद्रात सोडताहेत. टाकीतल्या माद्यांमुळेच ती जात तिथे परत येऊ लागलीय. हे तुमच्या हिशोबात कुठे बसतं?

आंबाघाट

माझं माहेर रत्नागिरी, सासर सांगली. मला दोघांचंही थोडं नवल वाटतं. मिरकरवाडा बंदरावर सकाळी जाऊन उभे राहा. टोपल्यांत हातभर लांबीच्या मुशी, म्हणजे लहान शार्क, असतात, कधी कानमुशी असते, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याची. पोटची नाळेची खूण अजून भरलेली नसते अशी पिल्लं. पाकटांचे पंख कापून वेगळे रचलेले. शार्कचे पर परदेशी पाठवायला 2015 पासून बंदी आहे, पण मासा जाळ्यात येतो तो येतोच. आम्ही मुशीचं कालवण खात मोठे झालो, मी ते लपवत नाही. पण ताई, भाकरीएवढ्या एका पाकटासाठी तुमचा जीव तुटतो आणि बाजारातल्या टोपलीकडे लक्ष जात नाही, हे मला खटकलं. खरी लढाई जाळ्याच्या भोकाच्या मापाची आहे, टाकीच्या काचेची नाही.

खारंपाणी_मिरज

चौदा वर्षं घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतोय. अनुभवाचं तेवढं सांगतो.

कृष्णाकाठची ताई, तुम्ही बघितलेल्या कडा म्हणजे ते पाकट मरायला टेकलं होतं. नव्या, न मुरलेल्या टाकीत अमोनिया वाढला की पाकटाच्या कडा अशा वळतात. तिथून परत येणारं पाकट मी फार थोडं बघितलंय.

शार्क आणि पाकट इतर माशांच्या मापाने पाळता येत नाहीत. माशांना पांढरे ठिपके आले की दुकानदार तांब्याचं औषध देतो. तेच औषध शार्कला विष ठरू शकतं. पाण्यात आयोडीन कमी पडलं की त्यांना गलगंड होतो, माणसासारखाच, गळा सुजतो. मोठ्या मत्स्यालयांत वाळूवाघ (सँड टायगर) जातीच्या शार्कच्या पाठीचा कणा वाकडा झाल्याची उदाहरणं आहेत. काही जातींच्या शार्कना श्वासासाठी सतत पुढे जात राहावं लागतं आणि काच आली की वळावं लागतं, दिवसभर. पांढऱ्या शार्कचं तर विचारूच नका. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयात 2004 साली एक मादी 198 दिवस जगवली आणि मग समुद्रात सोडली, तेवढाच तो मोठा विक्रम. जपानमध्ये ओकिनावाच्या मत्स्यालयात 2016 साली एक आणला, तो तीन दिवसांत गेला.

आता मास्तरांच्या बाजूचं. सगळे शार्क असे नसतात. बांबू शार्क नावाची लहान जात आहे, जेमतेम मीटरभर वाढते, तळाशी निवांत पडून राहते, तोंडाने पाणी ओढून श्वास घेते. ती टाकीत अंडी घालते. एका मित्राकडे मी स्वतः बघितलंय. अंडं म्हणजे तपकिरी, चामड्यासारखी चपटी पिशवी. मागून टॉर्च लावला की आत पिवळा बलक आणि त्याला चिकटलेलं बोटाएवढं पिल्लू शेपटी हलवताना दिसतं. चार-पाच महिने लागतात बाहेर यायला. त्या टॉर्चच्या उजेडात मी जे शिकलो ते कुठल्या बोगद्यात शिकलो नसतो.

खर्चाचं गणित एकच देतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ. एक लाख लिटरची टाकी, जी शार्कसाठी लहानच आहे, तिला साडेतीन टन मीठ. साधं नाही, समुद्री क्षारांचं तयार मिश्रण. वर दर थोड्या दिवसांनी पाणी बदलायचं. आणि वीज. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, अर्ध्या शहरात दिवसचे दिवस वीज नव्हती. पंप बंद झाल्यावर अशा टाकीला दिवस नाही मिळत, तास मिळतात. तेव्हा माणसांना बोटीतून काढत होतो आपण.

कृष्णाकाठची (विश्रामबाग)

आंबाघाट ताई, तुमचं बोलणं लागलं आणि लागायलाच हवं होतं. टोपलीकडे माझं लक्ष नव्हतं, खरं आहे. पण एका दुःखामुळे दुसरं लहान होतं असं मला वाटत नाही. जाळ्यातला मासा कुणाच्या तरी पोटासाठी जातो. प्रदर्शनातलं पाकट माझ्या भाचीच्या दोन मिनिटांसाठी मरत होतं.

मास्तर, राजा अम्पातचं मी मान्य करते. मला हे माहीत नव्हतं. पण ती अंडी सोडायला समोर समुद्र होता, राखलेला. आपण इथे अंडी उबवून पिल्लं कुठे सोडणार? नको झालेले मासे लोक कुठे सोडतात ते उजनी धरणात पसरलेल्या, घरच्या टाक्यांतल्या सकर माशानं दाखवलंय.

माझं म्हणणं मत्स्यालय नकोच असं नाही. नदीचं करा. मरळीची जोडी लालसर पिल्लांच्या थव्याभोवती पहारा देत फिरते, हे सांगलीतल्या किती पोरांनी बघितलंय? वाम, शिंगाळा, महसीर, काचेपलीकडे ठेवा, कृष्णेचंच पाणी गाळून वापरा. उन्हाळ्यात नदीत मेलेल्या माशांचा खच दिसतो तेव्हा आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो. ते मासे जिवंत कसे दिसतात हे पोरांना माहीत असेल तर ती थांबतील तरी, विचारतील तरी.

जतचा_मास्तर

मरळ आमची पोरं हाताने धरतात ताई, तलावात. त्यांना लांबचं बघायचंय. तुमचं नदीचं मत्स्यालय झालं तर मी पहिली गाडी घेऊन येईन, पण समुद्राची भूक त्याने भागत नाही.

मिरजकर दादांच्या आकड्यांनी मात्र माझा बोगदा ढासळला, हे कबूल करतो. मोठे शार्क मी मागणीतून काढायला सांगतो. पुराच्या रेषेच्या वर जागा, दोन जनरेटर आणि फक्त बांबू शार्क, एवढंच असेल तर तुमचा विरोध राहतो का?

कृष्णाकाठची (विश्रामबाग)

राहतो. कमी झाला, पण राहतो. पहिल्या वर्षी दोन जनरेटर असतील. पाचव्या वर्षी डिझेलचं बिल कोण भरतंय ते कळू दे, मग बोलू.

आंबाघाट

मास्तर, डिसेंबरात सहल काढा. कोल्हापूरवरून आंबा घाट उतरला की रत्नागिरी, सांगलीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. झाडगावला कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे, तिथे मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. पहाटे पोरांना मिरकरवाड्याला न्या. माझा भाऊ बंदरावर असतो, मुशीच्या गालावरच्या चिरा तो हाताला धरून मोजायला लावेल.

जतचा_मास्तर

आमच्या पोरांच्या घरून सहलीला किती पैसे निघतात यावर आहे सगळं. एसटीचा सवलतीचा दर विचारून सांगतो. सही तशीच ठेवलीय.

खारंपाणी_मिरज

वाटेत मिरजेला थांबा. माझ्या टाकीत शार्क नाही, पण मित्राकडे परवाच दोन अंडी पडलीत. डिसेंबरपर्यंत आतलं पिल्लू चांगलं दिसेल. टॉर्च मी देतो, पोरांनी रांगेत एकेकानं यायचं आणि काचेवर टिचकी मारायची नाही.