मदत हवी आहे: पिकअपमध्ये पुढपासून मागपर्यंत सेंटर कन्सोल बसवायचा आहे, अर्जंट

दणदणाट_लालबाग
नमस्कार मंडळी. पिकअपमध्ये फुल लेंग्थ सेंटर कन्सोल, म्हणजे दोन सीटच्या मधला खोका, बसवायचा आहे. डॅशबोर्डपासून थेट मागच्या सीटपर्यंत, वर गादीचं झाकण, आत कप्पे, चार्जिंगची सोय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दुकानं फिरलो. एक म्हणाला असं तयार येत नाही. दुसऱ्याने साडेनऊ हजार सांगितले आणि वर म्हणाला गाडी चार दिवस सोडा. अहो, गणपतीला बावीस दिवस उरलेत, आगमनं सुरू झालीत, गाडी चार तास सोडणं जमत नाहीये. तेव्हा घरीच करणार. ड्रिल आहे, ओळखीचा सुतार आहे. कोणी केलंय का? मापं आणि मटेरियल सांगा. यूट्यूब बघ म्हणू नका, तिथे सगळ्या अमेरिकेतल्या गाड्या आहेत, त्यांच्या दोन सीटच्या मध्ये आपली एक खोली मावेल.

पाचवा_गिअर
गाडी कुठली?

दणदणाट_लालबाग
पिकअप. वर लिहिलंय.

पाचवा_गिअर
दादा, पिकअप म्हणजे बोलेरोपासून हायलक्सपर्यंत काहीही. मॉडेल, साल, सिंगल केबिन की डबल, हँडब्रेक कुठे आहे, एअरबॅग आहेत का? हे न सांगता मापं मागणं म्हणजे शिंप्याला फोनवरून 'माझा शर्ट शिव' सांगण्यासारखं आहे.

कोकणी_वाटाणा
मागच्या हौद्यावर ताडपत्री टाकताना दोरी आडवी न बांधता तिरकी बांधा. मध्ये एक पाइप कमानीसारखा घातला की पाणी साचत नाही. आमच्या आंब्याच्या गाडीला गेली सहा वर्षं हेच करतो, एक पेटी भिजलेली नाही.

दणदणाट_लालबाग
@कोकणी_वाटाणा काका, ताडपत्री नाही विचारली. कन्सोल.
@पाचवा_गिअर स्कॉर्पिओ गेटअवे, २०१२, डबल केबिन, डिझेल, टू व्हील ड्राइव्ह. हँडब्रेक दोन सीटच्या मध्ये. एअरबॅग नाहीत.

घाटरस्ता
गेटअवे! मजबूत गाडी. पण मित्रा, चौदा वर्षांच्या आसपास आलेल्या गाडीत पैसे कशाला घालतोस? विकून नवीन डबल केबिन घे, कन्सोल कंपनीच लावून देते. मी मागच्या वर्षी जुनी काढली, आता कप होल्डरसुद्धा थंड असतो.

दणदणाट_लालबाग
बावीस दिवसांत नवीन गाडी घेऊ? वीस लाख तुम्ही देताय का?

घाटरस्ता
सल्ला दिला. रागावू नये.

सुतारपक्षी
गेटअवे म्हणालात ते बरं झालं. मी माझ्या जुन्या स्कॉर्पिओत असला उद्योग केलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या सालच्या गाडीत पॉवर विंडोची बटणं दारावर नाहीत, मध्येच आहेत, हँडब्रेकजवळ. म्हणजे डॅशबोर्डपासून सलग खोका टाकलात तर बटणं त्याच्याखाली जाणार. ती वर आणायची तर वायरिंगचा आख्खा झुपका लांबवावा लागेल. गणपतीच्या तोंडावर ते करू नका. काच अर्धी उघडी राहिली आणि पाऊस आला की मग ताडपत्रीवाल्या काकांकडेच जावं लागेल.

दुसरं, हँडब्रेक. तो खाली असताना नाही, पूर्ण ओढलेला असताना हात कुठे येतो ते बघा. बोटं आणि खोक्याची भिंत यात दोन इंच तरी जागा हवी. गिअरचंही तसंच: पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स, सगळे टाकून बघा. बंद गाडीत आरामात टाकतो तसे नाही, चढावर घाईत टाकतो तसे.

तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: सीटबेल्टचं बक्कल. ते सीटच्या आतल्या बाजूला, म्हणजे नेमकं तुमचा खोका येणार त्या फटीत आहे. पुष्कळ लोक रुंदी मोजताना बक्कल विसरतात, मग खोका बसतो आणि बेल्ट लागत नाही, आणि पुढे बेल्ट लावणंच बंद होतं.

तर आधी पुठ्ठा. टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने जोडून, हुबेहूब खोका करा आणि तो ठेवून दोन दिवस गाडी चालवा. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवून बघा. नंतरच प्लायला करवत लावा.

पाचवा_गिअर
+१ पुठ्ठ्याला. बोल्ट कुठे मारणार तेही सांगा त्यांना. ड्रिल आहे म्हणतायत, तिथेच मला धडकी भरली.

सुतारपक्षी
हो, ते राहिलं. फ्लोअरला भोक पाडू नका. खालून ब्रेकचे पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग जातं, आणि मधल्या उंचवट्याखाली मागची चाकं फिरवणारा दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, फिरतोय. शिवाय भोकातून गंज सुरू होतो, मुंबईच्या पावसात दोन सिझन पुरे. सीटचे रेल ज्या बोल्टने बसलेत त्यातले आतल्या बाजूचे मागचे दोन वापरा. एल पट्टी कापून बोल्टच्या डोक्याखाली घ्यायची आणि बोल्ट परत पूर्ण कसायचा. पट्टीच्या जाडीमुळे बोल्ट आखूड पडत असेल तर तेवढाच जास्त लांब हाय टेन्साइल बोल्ट आणा, नागदेवी स्ट्रीटला मिळेल. साधा मऊ बोल्ट तिथे चालणार नाही, त्यावर सीट उभी आहे.

जुना_दारुखाना
प्लाय कशाला? रे रोडला दारुखान्यात जा. तोडलेल्या जहाजांचं सामान येतं तिथे, केबिनचे ड्रॉवर मिळतात. जहाज कितीही हललं तरी ड्रॉवर आपोआप उघडत नाही अशी त्यांची खिट्टी असते. मी घरात शू रॅक केलाय त्याचा.

पत्रा_आणि_वेल्डिंग
सोळा गेजचा पत्रा वाका, चार टाके मारा, पावडर कोटिंग. आयुष्यभराचं काम. लाकूड गाडीत आवाज करतं.

सुतारपक्षी
पत्रा आवाज करत नाही?? रिकाम्या पत्र्याच्या पेटीवर मुंबईच्या पेव्हर ब्लॉकवरून जाऊन दाखवा. आणि पत्र्याची कडा अपघातात गुडघ्याला लागली तर काय होतं?

पत्रा_आणि_वेल्डिंग
कडा दुमडायची असते. ज्याला दुमडता येत नाही त्याने प्लाय वापरावा, बरोबर.

डोंबिवलीची_मावशी
भांडा तुम्ही. मला एक सांग बाळा, यात ठेवायचं काय आहे? आणि गाडीत माणसं किती बसतात?

दणदणाट_लालबाग
मावशी, आमचं साउंडचं काम आहे. वायरलेस माइक, त्यांचे रिसीव्हर, चार वॉकीटॉकी, सेल, टेप, चलनबुकं, कटर. मोठे बॉक्स टेम्पोत जातात, पण नाजूक माल माझ्या केबिनमध्ये असतो. सगळं सीटवर आणि पायात. परवा परळच्या पुलावरून उतरताना गॅफर टेपचा (वायरी चिकटवायची कापडी टेप) रोल घरंगळत येऊन ब्रेकखाली अडकला. ब्रेक अर्धाच दाबला गेला. पुढे मूर्ती नेणारी गाडी होती. हातभर अंतरावर थांबलो. त्या दिवसापासून डोक्यात आहे की हे काम करायचंच.
माणसं मी धरून पाच. मागे तीन पोरं.

डोंबिवलीची_मावशी
मग हे आधी का नाही सांगितलंस? मागे तिघं बसतात तर मधल्याचे पाय कुठे जाणार, तुझ्या कन्सोलवर?

दणदणाट_लालबाग
...हा विचार केला नव्हता. मधला पप्पू बसतो, तो सहा फूट आहे.

पाचवा_गिअर
=)) पप्पूसाठी तरी फुल लेंग्थ रद्द करा.

कायदा_बोला
सावधान. मोटार वाहन कायदा कलम ५२ नुसार गाडीत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहे. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इथे सगळे बिनधास्त सल्ले देतायत.

पत्रा_आणि_वेल्डिंग
मग सीटकव्हर घातलं तरी आत टाकतील का?

पाचवा_गिअर
कलम ५२ अर्धं वाचू नका. आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, असं ते आहे. आसनक्षमता आरसीवर असते. मागची सीट काढून तिथे पेटी केली तर नक्कीच अडचण. पाच सीट, पाच बेल्ट जागेवर ठेवून मध्ये काढता येणारा खोका ठेवला तर आरसीवरचं काय बदललं? बाकी गाडी २०१२ ची आहे, खाजगी पासिंग असेल तर पंधरा वर्षांनी आरसी रिन्यू करायला आरटीओत दाखवावी लागेल. त्या दिवशी खोका काढून ठेवायचा. म्हणून बोल्टने बसवा, वेल्डिंग नको.

कायदा_बोला
मी फक्त सावध केलं. विमावाला वायरिंगवरून भांडला तर इथे येऊ नका.

शांतता_हवी
अवांतर होईल पण विचारते. साउंडवाले आहात तर रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा असते हे माहीत आहे का? आमच्या खिडकीच्या काचा दरवर्षी थरथरतात. कन्सोलपेक्षा त्यावर धागा काढा.

दणदणाट_लालबाग
ताई, माहीत आहे. आम्ही स्टेजवरच्या निवेदनाचं आणि आरतीचं साउंड करतो, डीजेच्या भिंती नाही लावत. दहाला बंद म्हणजे बंद. नावावर जाऊ नका, नाव कॉलेजात घेतलेलं आहे.

ढोलपथक_९
डीजेवाल्यांमुळे आमचंही नाव खराब होतं. ढोल म्हणजे

शांतता_हवी
ढोल काय कुजबुजतात का?

ढोलपथक_९
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुतारपक्षी
मंडळी, गाडीत परत बसा. पप्पूचे पाय आणि टेपचा रोल कळल्यावर माझं मत बदललं. तुम्हाला डॅशपासून सीटपर्यंत सलग कन्सोल नकोच आहे, वस्तू घरंगळू न देणारी जागा हवी आहे. पुढचा कंपनीचा कन्सोल, बटणं, गिअर, हँडब्रेक, कशालाच हात लावू नका. हँडब्रेकच्या मागे, पुढच्या दोन सीटच्या पाठीपर्यंत एक खोका. तिथेच संपवायचा, पप्पूचे पाय मोकळे. ती लांबी आणि रुंदी मोजून सांगा, रुंदी बक्कल सोडून.

प्लाय बारा एमएम, मरीन, शिक्का आयएस ७१० चा बघून घ्या. एमडीएफ अजिबात नको, एका पावसाळ्यात पावासारखा फुगतो. चार फुटांचा सलग खोका याच प्लायचा केला असता तर नुसताच बारा किलोच्या आसपास भरला असता, वर माल. जोरात ब्रेक लागला की तेवढं वजन पुढे धावतं. छोट्या खोक्याचा हाही फायदा आहे, पण छोटा आहे म्हणून मोकळा ठेवू नका, बोल्ट हवेतच.

पाचवा_गिअर
चार्जिंगचं: काय काय लावणार?

दणदणाट_लालबाग
लांबी सोळा इंच, रुंदी बक्कल सोडून साडेसात. चार्जिंगला १५० वॉटचा छोटा इन्व्हर्टर आहे, वॉकीटॉकीचे चार्जर त्यावर. सिगरेट लायटरच्या वायरीतून घेणार होतो.

पाचवा_गिअर
तिथून घेऊ नका. १५० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे साडेबारा अँपिअर, इन्व्हर्टरचा स्वतःचा तोटा धरून चौदा-पंधरा. त्या वायरीवर आधीच मोबाइलचा चार्जर लोंबकळत असेल. बॅटरीवरून स्वतंत्र लाइन आणा, वायर चार स्क्वेअर एमएमची, लोहार चाळीत तांब्याची चांगली मिळते. फ्यूज वीसचा, आणि तो बॅटरीपाशी, खोक्यात नव्हे. फ्यूज वायर वाचवायला असतो, तो शेवटी लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर. बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबर ग्रोमेट (वायर कापली जाऊ नये म्हणून बसवायची रबराची कडी) पाहिजे. आणि रिले टाका, चावी काढली की बंद. नाहीतर विसर्जनाच्या रात्री गाडी ढकलायला पप्पूच.
इन्व्हर्टर बंद डब्यात कोंडू नका, तापतो. बाजूला भोकं पाडा.

कोकणी_वाटाणा
आमच्या गाडीत हे सगळं पिशवीत असतं. पिशवी सीटच्या पाठीला अडकवतो. खर्च शून्य.

डोंबिवलीची_मावशी
काकांचं अगदीच चुकीचं नाही हो.

दणदणाट_लालबाग
अपडेट. पुठ्ठ्याचा खोका करून दोन दिवस चालवला. आधी चौदा इंच उंच केला होता, डावीकडे वळून रिव्हर्स बघताना कोपर आपटत होतं. अकरावर आणला. सुतार म्हणाला पुठ्ठ्याचं कशाला, मी डोळ्याने सांगतो. त्याला कोपर दाखवलं.
काल रात्री बसवला. आत फोम आणि माइकच्या आकाराचे खाचे, वर रेक्झिन, मागच्या तोंडाला चलनबुकाचा कप्पा, पोरांच्या हाताशी. दोन बोल्ट नागदेवीचे. बक्कल दोन्हीकडे लागतं, तपासलं. चार्जिंगची लाइन अजून नाही, इलेक्ट्रिशियनला वेळ नाही आणि मला अक्कल नाही. तोवर वॉकीटॉकी गोडाऊनमध्येच चार्ज करतोय. टेप आता खोक्यात खिळीला अडकवलेला असतो.
एकच त्रास. झाकण खडखडतं, पेव्हर ब्लॉकवर तर दात वाजल्यासारखं.

पत्रा_आणि_वेल्डिंग
लाकूड आवाज करतं, मी बोललो होतो.

सुतारपक्षी
झाकणाखाली कडेने दाराचं रबर बीडिंग चिकटवा, गोंद लावायच्या आधी रेक्झिनचा तेवढा पट्टा कापून प्लाय उघडा करा, नाहीतर निघून येईल. आणि कडी थोडी खाली सरकवा, झाकण दाबून बंद व्हायला हवं.

दणदणाट_लालबाग
लावतो आज. चिंचपोकळीला लोडिंग आहे, निघतो. पप्पूने थँक्स सांगितलंय.