मदत हवी आहे: मेजूल खजूर नेमका कुठला, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, मी डब्लिनला राहते. गाझाच्या बातम्या बघून पोटात तुटतं म्हणून घरात ठरवलंय की वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींचा माल घ्यायचा नाही. बाकी जमलं, पण मेजूल या मोठ्या, मऊ खजुराशी येऊन अडलंय, तो या वसाहतींमध्येही पिकतो आणि एकादशीला लागतोच. काल दुकानात डबा उलटापालटा करून बघितला तर बारीक अक्षरात नुसतं पॅकिंग कुठे झालं ते, पिकवला कुठे त्याचा पत्ताच नाही. २०१९ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलंय ना की वसाहतीतला माल असेल तर तसं लेबलवर लिहायलाच हवं, मग हे चालतं कसं? बारकोड ७२९ ने (इस्रायलचा कोड) सुरू होतो का बघ म्हणतात, पण त्याने कंपनीची नोंद कुठली ते कळतं, फळ कुठलं ते नाही. आणि जेरिकोजवळ पॅलेस्टिनी शेतकरीही हाच मेजूल पिकवतात, सरसकट बंद केला तर त्यांच्याच पोटावर पाय यायचा, ते मला अजिबात नकोय.

नवरा म्हणतो एका डब्याने काय होतंय. अरे, याच शहरात १९८४ मध्ये डन्स स्टोअर्स या दुकानातल्या कॅशियर मेरी मॅनिंगने वर्णभेदाच्या निषेधात साउथ आफ्रिकेच्या ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला, सस्पेंड झाली, सोबतचे संपावर गेले, आणि १९८७ ला आयर्लंडने तिथला शेतमाल आणणंच बंद केलं!

तर इथे खात्रीचा पॅलेस्टिनी खजूर कुठे मिळतो? आणि दुकानाला लेखी विचारायचं तर नेमकं काय विचारू, कोणी विचारलंय का? प्लीज सांगा.